ड्यूटीवरची बाई आणि घराची रजिस्ट्री

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी ४७ वर्षांची. नागपूरला नरेंद्रनगरात राहते. २००९ साली मिस्टरांची नोकरी गेली, तेव्हा भाड्याच्या खोल्या दाखवायला सुरुवात केली. स्कुटीवर फिरून धंदा उभा केला. आज प्लॉट, फ्लॅट, रिसेल सगळं करते, महारेराचा (एजंटच्या सरकारी नोंदणीचा) नंबरही आहे. २०२१च्या दुसऱ्या लाटेत अमेरिकेतल्या एका क्लायंटचा फोन आला, "आईजवळ कुणी नाही, विश्वासाची बाई बघून द्या." तिथून म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला बाई देण्याचं दुसरं काम सुरू झालं. आता माझ्याकडे २२ बायका आहेत, १८ घरी ड्यूट्या चालू आहेत.

त्रिमूर्तीनगरात ८२ वर्षांचे एक काका आहेत. काकू २०२० मध्ये गेल्या. तीन हजार फुटांचा प्लॉट, वर-खाली बंगला. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्याला. चार वर्षांपासून माझी बाई त्यांच्याकडे आहे, मी स्वतः आठवड्यातून दोनदा जाते. काका म्हणतात, "घर तुझ्या नावानं करून देतो, मला मरेपर्यंत इथंच सांभाळ." मुलगा फोनवर म्हणतो, "पॉवर ऑफ ॲटर्नी देतो, बंगला विकून टाका, तुमचे दोन टक्के घ्या आणि बाबांना तुमच्याकडे ठेवा." बाजूच्या प्लॉटवर फ्लॅट स्कीम टाकणारा बिल्डर म्हणतो, हा बंगला आणून द्या, वरून वेगळं देतो. मुलीशी माझं या विषयावर बोलणं झालेलं नाही.

मला नागपूरजवळ बेसाला दहा-बारा खाटांचं वृद्धांसाठी घर काढायचं आहे. एक बंगला पाहून ठेवलाय, इसार द्यायचा बाकी आहे. काकांचं घर मिळालं तर हे काम उद्याच होऊन जाईल. मिस्टर म्हणतात, चालत आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. सासूबाई म्हणतात, लोक तोंडात शेण घालतील. काकांना आताशा थोडं विसरायला होतं, मला कधीकधी काकूंच्या नावानं हाक मारतात, पण माणूस शहाणा आहे, हिशेब चोख. त्यांच्या मुलांनी जे केलं नाही ते मी केलं. मग घर घेतलं तर माझं काय चुकलं?

— एक उद्योजिका, नागपूर

उत्तर

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. काकांचं घर घेऊ नका. मुलाच्या सांगण्यावरून ते विकायलाही घेऊ नका. बिल्डरचं "वरून वेगळं" तर कानाआड करा. बेसाचं घर मात्र जरूर काढा. पंधरा वर्षं घरं पारखलेली आणि चार वर्षं म्हातारी माणसं सांभाळलेली बाई असं घर काढणार नाही तर कोण काढणार?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. काका तुम्हाला काकूंच्या नावानं हाक मारतात. आणि हेच काका तुम्हाला घर देऊ म्हणतात. ही दोन वाक्यं पत्रात लांब लांब पडली आहेत, ती एकाखाली एक ठेवून वाचा. ते घर नेमकं कुणाला देऊन राहिले आहेत? "मला मरेपर्यंत इथंच सांभाळ" हे वाक्य ते तुमच्याशी बोलताहेत की काकूंशी, हे तुम्हाला खात्रीनं सांगता येईल? मला तर नाही.

हिशेब चोख आहे म्हणून डोकं शाबूत आहे, असं धरून चालू नका. दूधवाल्याचे पैसे पैशापर्यंत बरोबर सांगणाऱ्या माणसाला चालू महिना सांगता येत नाही, असं होतं. जुन्या सवयीचं काम टिकतं आणि नवं काही साठवणं आधी जातं. आणि विसरणं म्हणजे लगेच डिमेन्शियाच, असंही नाही. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, ऐकू कमी येणं, आतल्या आत बसलेलं नैराश्य, झोपेच्या गोळ्या, यांतल्या कशानंही माणूस असा होतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर आणखी एक असतं. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू, तहान लागत नाही म्हणून पाणी कमी, बाहेर ४५ अंश. शरीरातलं पाण्याचं-सोडियमचं गणित बिघडतं आणि चांगला बोलणारा माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं.

म्हणून पहिलं काम रजिस्ट्री ऑफिसचं नाही, डॉक्टरांचं आहे. धंतोली-रामदासपेठेत मेंदूविकारतज्ज्ञ हवे तितके आहेत. खर्च नको असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) किंवा मिहानमधल्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येईल. पण तुम्ही एकट्या नेऊ नका. मुलीला पुण्याहून बोलवा, ती नेईल, तुम्ही सोबत जा. चार वर्षांत काय काय बदललं ते तुम्ही पाहिलंय, तिनं नाही. ते डॉक्टरांपुढे मांडणं हे तुमचं काम.

आता कायद्याचं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं १६वं कलम तुमच्याच पत्रासाठी लिहिलंय की काय असं वाटेल. एक माणूस दुसऱ्याच्या इच्छेवर वरचढ ठरू शकेल अशा जागी असेल आणि त्या जागेचा वापर करून त्यानं गैरवाजवी फायदा घेतला, तर तो अनुचित प्रभाव. विश्वासाचं नातं असेल, किंवा समोरच्याची मनाची ताकद वयामुळे, आजारामुळे कमी झाली असेल, तर तुम्ही वरचढ जागी आहात असं कायदा धरतो. आणि व्यवहार वरवर पाहताच अवाजवी दिसत असेल, तर काकांनी राजीखुशीनं दिलं हे सिद्ध करण्याचा भार येतो तुमच्यावर. मुलीला फक्त शंका घ्यायची आहे. सिद्ध तुम्ही करायचं.

रजिस्ट्रीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. काकांना सकाळी आंघोळ घातली तुमच्या बाईनं. गोळ्या दिल्या तिनं. गाडी तुमची. दस्त तयार करणारा तुमच्या रोजच्या ओळखीचा, कारण तुमचा धंदाच तो. साक्षीदार तुमच्या ऑफिसातले. दुय्यम निबंधकासमोर काकांनी अंगठा टेकवला, कॅमेऱ्यानं फोटो काढला. पाच वर्षांनी तोच दस्त कोर्टात येईल, तेव्हा समोरचा वकील एवढंच विचारेल : त्या दिवशी या माणसाच्या आसपास तुमच्या पगारावर नसलेलं कोण होतं? काकांचा मोबाइलसुद्धा तुमचीच बाई चार्ज करते, तीच उचलते. मुलीनं म्हटलं की मला बाबांशी बोलू देत नव्हते, तर तुम्ही काय दाखवणार? तुम्ही प्रामाणिक आहात हे मला पत्रावरून कळतं. कोर्टाला पत्र लिहिता येत नाही.

मृत्युपत्राची पळवाट कुणी सुचवली असेल, तर तीही बाजूला ठेवा. ज्याला फायदा होणार त्यानंच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर संशय दूर करण्याची जबाबदारी त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ सालीच एच. वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय. आजही प्रत्येक मृत्युपत्राच्या भांडणात तोच निकाल पुढे येतो.

पैशाचंही बघा, म्हणजे मिस्टरांना नीट सांगता येईल. मुलाला, मुलीला, नातवंडांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं, हे तुम्ही क्लायंटना रोज सांगत असाल. तुम्ही काकांच्या नात्यातल्या नाही. तुम्हाला ते परक्याच्या दरानं, बाजारमूल्यावर भरावं लागेल. वर आयकर. नातेवाईक नसलेल्या माणसाकडून मोबदल्याशिवाय मिळालेलं घर पन्नास हजारांपेक्षा जास्त मुद्रांक मूल्याचं असेल, तर ते पूर्ण मूल्य घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. त्रिमूर्तीनगरातल्या तीन हजार फुटांचं मूल्य मी तुम्हाला सांगायला नको. तो कर भरायला तुम्हाला तेच घर विकावं लागेल, आणि काकांना तर तिथंच राहायचंय.

"मरेपर्यंत सांभाळ" ही अट दस्तात लिहिली की दोन्ही बाजूंचं भलं, असं काही जण सांगतील. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याचं २३वं कलम नीट वाचा. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करता येतं. हे कलम काकांच्या रक्षणासाठी आहे, आणि ते तसंच असायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५मध्ये ऊर्मिला दीक्षित खटल्यात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं आणखी उदारपणे लावला. म्हणजे उद्या एखाद्या बाईनं रजा घेतली, काका चिडले, कुणी त्यांना उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे नेलं, की तुमच्या नावावरचं घर हवेत. सेवा तर चालू ठेवावीच लागेल, आणि ती आता पगाराशिवाय.

हे सगळं झालं कोर्टाचं. मला यापेक्षा मोठी अडचण दिसते ती उरलेल्या १७ घरांची. त्रिमूर्तीनगरातली बातमी बागेतल्या सकाळच्या फेरीत एका दिवसात पसरते. "बाई लावायला आली आणि बंगला घेऊन गेली." खरं-खोटं कुणी विचारणार नाही. पुण्या-मुंबईत, परदेशात बसलेली मुलं त्याच आठवड्यात आईला फोन करून विचारतील, तुझी कागदपत्रं कुठं आहेत? आणि तुमच्या २२ बायका? कुणा आजीनं प्रेमानं अंगठी काढून दिली तर घ्यायची नाही, असा नियम तुम्ही घातला असेलच. नसेल तर आजच घाला. पण मालकिणीनं अख्खा बंगला घेतल्यावर तो नियम कोणत्या तोंडानं सांगाल? तुमच्या दोन्ही धंद्यांत लोक तुमच्या हाती किल्ली देतात. एका ठिकाणची किल्ली दुसरीकडे लागते असं दिसलं, की दोन्हीकडचे लोक कुलपं बदलतील.

सासूबाईंचं म्हणणं मी वेगळ्या कारणानं, वर सांगितलेल्या किल्लीच्या विश्वासासाठी, बरोबर मानते. लोक काय म्हणतील म्हणून नव्हे. प्लॉटचा धंदा करणाऱ्या बाईला दलाल म्हणून नाक मुरडणारे लोक काहीही केलं तरी बोलणारच, त्यांच्यासाठी निर्णय बदलू नये.

आता मुलगा. तो पॉवर ऑफ ॲटर्नी देतो म्हणतो, ती कशाची? घर वडिलांच्या नावावर असेल तर अधिकार देणारे वडील, मुलगा नाही. तो जे द्यायला निघालाय ते त्याच्याकडे नाहीच. तुमच्यासारख्या मुरलेल्या बाईच्या हे लक्षात आलं नसेल असं वाटत नाही. दोन टक्क्यांच्या आकड्यानं नजर थोडी हलली असावी. आधी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासचा लीजवरचा आहे की खासगी लेआऊटमधला, आणि नाव एकट्या काकांचं आहे की काकूंचंही. त्या पिढीत नवरा-बायकोच्या जोडनावानं घर घेतलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. समजा अर्धा हिस्सा काकूंचा होता आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, तर त्या अर्ध्याचे तीन वारस : काका, मुलगा, मुलगी. म्हणजे मुलीचा सहावा हिस्सा आजच त्या घरात आहे, आणि तिच्याशी तुमचं या विषयावर एकदाही बोलणं झालेलं नाही.

काकांनी स्वतः अधिकारपत्र दिलं तरी दोन गोष्टी आहेत. एक, ते लिहून देताना काय लिहितोय हे त्यांना कळत होतं हे दाखवावं लागेल. दुसरी फारशी कुणी सांगत नाही. अधिकार देणाऱ्याची समज पुढे गेली, तर करार कायद्याच्या २०१व्या कलमानं साधं अधिकारपत्र तिथंच संपतं. डिमेन्शिया वाढल्यावर त्याच पॉवरवर सही करणारी बाई कोणत्या अधिकारानं सही करते? रोजच्या बँकेच्या, बिलांच्या कामापुरतं अधिकारपत्र लागणारच असेल तर ते मुलीच्या नावानं करा, विक्रीचा अधिकार त्यात नको. तुमच्या नावानं काहीच नको.

मुलाला फोनवर एवढंच सांगा : घर विकायचं की नाही हे काका आणि तुम्ही दोघं भावंडं ठरवा, विकायचं झालं तर दुसरा एजंट बघा, मी सेवा देते म्हणून विक्रीत नाही. त्याला दुसरा एजंट मिळतो की नाही ही तुमची काळजी नव्हे. "बाबांना तुमच्याकडे ठेवा" यावर मात्र दोन शब्द बोला. आई-वडिलांची जबाबदारी मुलावर आहे हे २००७चा कायदा सांगतो, त्यात महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश होऊ शकतो. काकांना पैशांची ददात नाही हे मला दिसतंय. पण घर विकून मोकळं होणं आणि वडिलांना सोडून मोकळं होणं, यांत एका फोनचं अंतर आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

बिल्डरबद्दल जास्त लिहीत नाही. काकांच्या वतीनं बोलणारा माणूस समोरच्याकडून चोरून पैसे घेत असेल, तर तो फायदा मालकाला वसूल करता येतो. शिवाय त्याच बिल्डरच्या पुढच्या स्कीममधले फ्लॅट तुम्हाला महारेराच्या नोंदणीवर विकायचे आहेत ना?

मग काकांना हवं ते कसं मिळेल? त्यांचं मागणं नीट ऐका. त्यांना घर कुणाला द्यायचं नाहीये, त्यांना घरातून जायचं नाहीये. एवढीच भीती आहे, आणि ती तुम्ही सही न घेता घालवू शकता. वरचा मजला रिकामा आहे ना? तिथं भाडेकरू आणा. रात्री वर कुणाचे तरी पाय वाजताहेत, हा आधार म्हाताऱ्या माणसाला गोळीपेक्षा जास्त असतो, आणि त्या भाड्यात तुमच्या बाईच्या पगाराचा मोठा वाटा निघेल. मुलाला पैसे मागावे लागत नाहीत, मुलीला अपराधी वाटत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या. तो नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकाची, म्हणजे काकांची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. काकांच्या समजुतीचा प्रश्न इथंही येतो, तेव्हा डॉक्टरांचं मत आल्यावर आणि मुलगी समोर असताना करा. दलाली फक्त भाडेकरूकडून घ्या आणि किती घेतली ते दोन्ही मुलांना लिहून कळवा. खरं सांगायचं तर हेही काम दुसऱ्याला दिलंत तर मला जास्त आवडेल, एका महिन्याच्या भाड्यापायी गोंधळ कशाला? पण तुम्ही ऐकाल असं वाटत नाही, म्हणून निदान एवढं पाळा.

काकांना घराच्या बदल्यात महिन्याला रक्कम हवी असेल, तर साठीपुढच्यांसाठी बँकांची रिव्हर्स मॉर्गेजची सोय २००७पासून आहे. आपल्याकडे ती फार कुणी घेत नाही, पण घर काकांचंच राहतं आणि ते त्यातच राहतात. मुलीबरोबर बँकेत जाऊन विचारायला काय हरकत आहे?

तुमची सेवा तुम्ही पगारात मोजा, उपकारात मोजू नका. पत्रात मला खटकलेलं वाक्य तेच : "मुलांनी जे केलं नाही ते मी केलं." केलंत, आणि त्याचे पैसे दर महिन्याला घेतलेत, आणि ते घेणं योग्यच आहे. पैसे घेऊन मनापासून काम करणं यात कमीपणा काही नाही. तुम्ही आठवड्यातून दोनदा जाता त्या फेऱ्यांचे पैसे लावले नसतील, तर या महिन्यापासून देखरेखीचा आकार म्हणून बिलात लिहा. बिल बँकेतून, पावती दोन्ही मुलांना. माणूस काम फुकट करत गेला की मनात एक न लिहिलेली वही तयार होते, आणि मग एखाद्या दिवशी ती वही बंगल्याएवढी रक्कम दाखवते.

आता तुमच्या बायकांचं. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, मला सगळ्यात जास्त विचारायचं होतं ते त्यांच्याबद्दल. २२ बायका म्हणजे तुम्ही आता "बाई बघून देणारी" राहिलेला नाहीत, मालक झालात. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) दहा माणसांपासून लागू होतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही दहापासूनच लागते. ही समिती तुमच्या धंद्यात कागदापुरती नाही, कारण तुमची बाई रात्रभर परक्याच्या घरात एकटी असते, आणि त्या घरात तिला बोलणारे, हात धरणारे लोक असू शकतात. तिनं तक्रार केली तर तुम्ही क्लायंट सोडणार की बाई, हे आजच ठरवा. बारा तासांची ड्यूटी संपवून वाठोड्याला, कळमन्याला रात्री नऊला ती कशी पोहोचते, हेही तुमच्या खर्चात धरा.

आणि प्रत्येकीला "सिस्टर" म्हणवून घेऊ देऊ नका. म्हातारी माणसं म्हणतातच, पण तुम्ही बिलावर लिहू नका. एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेल्या वेगळ्या, आंघोळ-जेवण-फिरवणं करणाऱ्या वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या बाईनं इन्सुलिन टोचायचं नाही, कॅथेटरला हात लावायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. घरोघरी एक वही ठेवा : काय खाल्लं, पाणी किती, लघवी, शौच, गोळ्या, रक्तदाब, भेटायला कोण आलं. त्यात "आज मला दुसऱ्या नावानं हाक मारली" हेही तारखेसकट लिहायचं. काकांच्या वहीत ते असतं, तर डॉक्टरांकडे जायला एवढा उशीर झाला नसता.

आपल्याच गावात कमलाताई होस्पेटांनी १९२१ साली मातृसेवा संघ काढला. बालविधवा बाई, आधी नर्सिंग शिकल्या, मग संस्था काढली. त्या काळात लोकांनी आपल्या लेकीसुना बाळंतपणासाठी तिथं पाठवल्या त्या संस्थेच्या नावावर. तुमचं काम धंद्याचं आहे, त्यांचं सेवाभावी होतं, हा फरक मी विसरत नाही. पण नाव व्यक्तीपेक्षा कामाचं मोठं झालं, म्हणून ते टिकलं. बेसाचं घर तुमच्या नावानं चालवू नका. प्रॉपर्टीच्या फर्मपेक्षा वेगळी नोंदणी, वेगळं खातं, वेगळा हिशेब. जमल्यास वेगळा फोनसुद्धा.

घर विकत घेऊ नका, भाड्यानं घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर तर मुळीच नको, खाटेवरच्या माणसाला दरवर्षी उचलून नेता येत नाही. निदान पाच वर्षांचं नोंदणीकृत लीज करा, त्यात वृद्धांच्या निवासासाठी वापर असं स्पष्ट लिहा. दोन मजली बंगला दिसायला छान, पण लिफ्ट नसेल तर वरचा मजला तुमच्या कामाचा नाही. मे २०२४मध्ये महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या विक्रीच्या प्रकल्पांसाठी आहेत, तुमच्या भाड्याच्या घराला बंधनकारक नाहीत, पण टेप घेऊन जाताना तोच कागद सोबत न्या. दार निदान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर अडत नाही. न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये धरायला दांडे, पायरीऐवजी उतार. बंगल्याच्या सजवलेल्या बाथरूममध्ये बहुतेक वेळा दोन इंचांचा उंबरठा असतो, आणि म्हातारी माणसं त्यावरच पडतात. लाइट गेल्यावर ऑक्सिजन मशीन किती वेळ चालेल, मे महिन्यात कुलर पुरेल का, ॲम्ब्युलन्स गल्लीत वळते का, हे दुपारी दोन वाजता जाऊन बघा. क्लायंटला तुम्ही घर संध्याकाळी दाखवता, ते का दाखवता हे तुम्हाला माहीत आहे.

दहा-बारा खाटांनी सुरुवातही करू नका, पाचांनी करा. भरपूर अनामत घेऊन आजीवन ठेवण्याचं आश्वासन देऊ नका. ती अनामत खर्च होते आणि माणूस मात्र राहतो. दोन महिन्यांचा खर्च अनामत म्हणून, वेगळ्या खात्यात, परत करायच्या अटी लिहून. आणि पहिल्या पाचांत त्रिमूर्तीनगरचे काका नकोत. त्यांना घरीच राहायचंय, हे त्यांनी तुम्हाला सांगितलंय.

मुलगा यंदा येणार असेल तर काका, दोन्ही मुलं आणि त्यांचा वकील यांना एकत्र बसू द्या. तुम्ही चहा होईपर्यंत थांबा, वही टेबलावर ठेवा आणि निघा. त्याआधी आजच दोघांना एक मेल टाका, दोघांना एकाच वेळी : काकांनी मला घर देण्याचं बोलून दाखवलं आहे, मी ते घेणार नाही, त्यांची स्मृती तपासायची गरज मला वाटते, पुढच्या पंधरवड्यात कोण येऊ शकेल? एवढ्याच ओळी. मिस्टरांना पाठवायच्या आधी वाचायला देऊ नका.

एक राहिलं. बेसाचा बंगला पाहून ठेवल्याचं तुम्ही लिहिलंत. पण त्या लेआऊटला आरएल (लेआऊट अधिकृत असल्याचं पत्र) मिळालंय का आणि बांधकामाचा मंजूर नकाशा आहे का, याबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्याचं घर असतं तर हे तुम्ही पहिल्या फोनवर विचारलं असतं. दोन्ही कागद हातात येईपर्यंत इसार काय, भाड्याची अनामतही देऊ नका.